अहोंच्या वाटणीची साखर

बोलेटचा नवरा तीन वर्षांचा होता आणि बूट घालून घ्यायला तयार नव्हता.

"अहो, पाय पुढे करा. बाहेर बर्फ आहे, दिसत नाही का तुम्हाला?"

"नको," नवरा म्हणाला.

"नको काय, नको? असेच एकदा ओल्या मोज्यांनी शिकारीला गेलात आणि बोटं काळीनिळी करून आलात. आठवतंय ना?"

नवऱ्याने पाय आपटला. बोलेटला हसू आवरेना. "तस्सेच आहेत हो," ती दाराकडे बघून म्हणाली, जसं काही तिथे कुणी ऐकायला उभंच होतं. "हट्टात जरा म्हणून फरक नाही."

ह्यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे, ह्या उत्तरेच्या बर्फात, गेलेल्या माणसाचं नाव रिकामं ठेवत नाहीत. माणूस गेला की त्यानंतर घरात जे मूल येतं त्याला ते नाव द्यायचं, म्हणजे नावामागून माणूसही येतो. म्हातारा एनोक शरदात गेला आणि ऐन थंडीत त्याच्याच लेकीला, पिपालुकला, मुलगा झाला. बोलेटने त्या लालबुंद गोळ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अहो, आलात ना? बरं झालं. वाट बघत होते." तेव्हापासून पिपालुक स्वतःच्या मुलाला बाबा म्हणते, आणि पोरगं बोलायला लागल्यापासून आजीला सरळ 'बोलेट' म्हणून हाक घालतं. पिपालुकचा नवरा गेर्थ तर थट्टेची एक संधी सोडत नसे. पोराने मांडीवर शू केली की म्हणायचा, "वा सासरेबुवा, लेक दिलीत आणि वर हा आहेर."

पण थट्टा असली तरी खोटं कुणी मानत नव्हतं. पोराने भिंतीवरच्या म्हाताऱ्याच्या भाल्याकडे बोट दाखवलं तर भाला काढून त्याच्या हाताला लावायचा. नावाच्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की नाव रुसतं, आणि रुसलेलं नाव मुलाला सोडून निघून जातं. मग मूल झिजत जातं आणि एक दिवस तेही जातं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे.

नवरा गेला तेव्हा बोलेट रडली नव्हती. शेजारणी रडल्या, पिपालुक आठ महिन्यांचं पोट धरून रडली, आणि ही उलट त्यांनाच कॉफी करून देत होती. "रडायचं काय त्यात? पिपालुकचे दिवस भरत आलेत. येतीलच ते." पुरल्यानंतर ती कधी टेकडीवर त्याच्या क्रुसाकडे फिरकलीसुद्धा नाही. नवरा घरात जमिनीवर बसून चमचे आपटत असताना थडग्यापाशी जाऊन कोण बसणार?

एक गोष्ट मात्र तिच्या मनात काट्यासारखी रुतून बसली होती, ती साखरेची.

म्हाताऱ्या एनोकला साखरेचं फार. खिडकीत त्याचा निळा पत्र्याचा डबा असायचा, चौकोनी खड्यांनी भरलेला. एक खडा पुढच्या दातांत धरायचा आणि वरून कडू कॉफी ओढायची, खडा विरघळेपर्यंत. शिकारीला जाताना काडतुसं विसरेल, पण खिशातली साखर नाही. शेवटी पोटात गाठ निघाली तेव्हा त्याला बोटीने शहरातल्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तोंडात काही द्यायचं नाही असं बोलेटला बजावून सांगितलं होतं. तो उशीवरून म्हणाला, "बोलेट, एक खडा दे. नुसता चघळतो."

"उद्या देते," ती म्हणाली. "आज नको म्हणालेत."

"बरं," म्हणून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तो उद्या काही आला नाही. उभ्या जन्मात ह्या माणसाने तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आणि शेवटचं मागितलं ते तिने दिलं नाही. आता सांगा, अशा बाईला नवरा परत मिळाल्यावर ती काय करेल?

आईच्या दुधावर होतं तोवर पोरगं गुटगुटीत होतं, गालांत डोळे बुडालेले. पहिले दात आले तसा बोलेटने एक दिवस तो निळा डबा खाली काढला. खड्याचा कोपरा कॉफीत भिजवून त्याच्या जिभेला लावला. पोराचे डोळे हे एवढे झाले. मग त्याने तिचं बोटच दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"आठवली ना चव?" बोलेट म्हणाली. "घ्या. आता तुम्हाला कुणी अडवत नाही."

त्या दिवसापासून तो रोजचाच नेम झाला. पिपालुक मासे साफ करायला गेली की पोरगं आजीकडे, आणि आजीकडे म्हणजे डब्याकडे.

आणि तेव्हापासून त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. पोट टम्म फुगायचं, आत गुडगुडायचं, पोरगं गुडघे छातीशी घेऊन कळवळायचं आणि मग पाण्यासारखे जुलाब. बसायची जागा सोलवटून निघाली. पोट मोठं आणि हातापायांच्या नुसत्या काड्या. शेजारची पोरं बर्फावर घसरायला लागली तरी हे आपलं भिंतीला धरून उभं. पिपालुक बिचारी दिवसभर कपडे धूत असायची. बोटांना भेगा पडल्या तिच्या.

वस्तीतल्या म्हाताऱ्या यायच्या, पोराचं पोट दाबून बघायच्या आणि मान हलवायच्या. "नाव रुसलंय गं, बोलेट. त्याचं काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते बघ."

काय राहिलंय ते बोलेटला एकटीला माहीत होतं. मग ती आणखी एक खडा द्यायची. पोरगं जितकं वाळायचं तितकी ही द्यायची, आणि जितकी ही द्यायची तितकं ते वाळायचं. आम्ही सगळे बाजूला उभे राहून वा वा, किती प्रेम बाईचं, असं म्हणत होतो. आमच्याही अकलेची कमालच म्हणायची.

उन्हाळ्यात गेर्थ आणि पिपालुक पोराला घेऊन खाडीच्या आत शिकारीच्या तळावर गेले. बोलेटचा गुडघा सुजला होता, म्हणून ती घरीच राहिली. तळावर दुकान नाही. सील मारायचा, उकळायचा, मासा वाळवायचा, तोच खायचा. परत आले तेव्हा बोलेट काठावर उभी होती. बोट लागायच्या आधीच पोरगं बापाच्या हातातून उडी मारून खडकावर आलं आणि धावलं. धावलं म्हणजे खरोखर धावलं, गाल वर आलेले, पाय भरलेले.

"बोलेट, साखर," ते म्हणालं.

"आई," पिपालुक सामान उतरवताना म्हणाली, "तिकडे बाबांचं पोट एकदाही बिघडलं नाही."

"बिघडेल कसं? तळ म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. लग्नाआधीपासून. घरात कोंडलं की सुकतात."

"मग घरी आल्यावरच काय होतं?"

"ते तुझ्या हातच्या सुपाला विचार."

पण पिपालुकच्या मनात काहीतरी खटकलं ते खटकलंच. आठवडा गेला नाही तोच पोराचं पोट पुन्हा फुगलं, आणि ती गेर्थला म्हणाली, "मी शहरात नेते ह्याला. दवाखान्यात."

"त्या दवाखान्यात?" बोलेट म्हणाली. "तिथे ते माझ्याशिवाय नाही जायचे. मीही येते."

तोच लांब बोळ, तोच साबणाचा वास. बोलेटने पोराला असं घट्ट धरून ठेवलं होतं की नर्सला ते तिच्या हातातून सोडवून घ्यावं लागलं. डॉक्टर डेन्मार्कहून आलेला, नवा. आमच्याकडचे डॉक्टर हंगामाप्रमाणे बदलतात. त्याने पोराला साखरेचं पाणी पाजून पुन्हापुन्हा रक्त काढलं, दर वेळी पोरापेक्षा बोलेटच जास्त कळवळली. मग तो बराच वेळ डॅनिशमध्ये बोलला. नर्स मार्ग्रेथे दक्षिणेकडची, पण आपल्यातली. तिने ते थोडक्यात सांगितलं.

"साखर बंद. केक, जॅम, सरबत, डब्यातलं गोड दूध, सगळं बंद. एक कणसुद्धा नको."

बोलेट उठून उभी राहिली. "मागच्या खेपेलाही तुम्ही ह्याच बोळात हेच सांगितलंत. काही देऊ नका म्हणालात. मी शहाण्यासारखं ऐकलं. सकाळी माणूस होता, दुपारी नव्हता."

"आई, खाली बस," पिपालुक म्हणाली.

मार्ग्रेथे मात्र चिडली नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "आजी, तुम्ही सील कशाने कापता?"

"हा काय प्रश्न झाला? उलूने."

"आणि घरात ती सुरी, उलू, नसेलच तर?"

"बाईच्या घरात उलू नाही असं कसं होईल?"

"समजा, नाही. अख्खा सील दारात येऊन पडला. काय होईल?"

"कुजेल. दुसरं काय होणार?"

"साखरेचं तसंच आहे. साखर म्हणजे दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले. ते सुटे केल्याशिवाय अंगात घेता येत नाहीत. सुटे करणारी एक सुरी आपल्या आतड्यात असते. डॉक्टर तिला एन्झाइम म्हणतात. ह्याच्या आतड्यात ती सुरी जन्मापासून नाही. मग साखर अख्खीच्या अख्खी खाली जाते, तिथे आंबते, अंगातलं पाणी ओढून घेते. म्हणून पोट फुगतं आणि सगळं वाहून जातं. दुधातल्या साखरेची सुरी निराळी, ती आहे त्याच्याकडे. ही नाही."

"का नाही?" पिपालुकने विचारलं. "माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार? तुझ्याकडून थोडं आलं, गेर्थकडून थोडं आलं. आपल्या लोकांत हे पुष्कळांना आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या सील खाल्ला, व्हेल खाल्ला. साखर होती कुठे? कुणाच्या पोटात ती सुरी आहे नि कुणाच्या नाही, हे कळायची वेळच आली नाही. दुकान आलं आणि कळलं."

"पण ह्यांच्याकडे होती की," बोलेट म्हणाली. "जन्मभर साखर खाल्लीय ह्यांनी. डबा आहे घरी, दाखवू?"

मार्ग्रेथेने पोराचा सदरा सारखा केला. तीही आमच्यातलीच, तिचंही नाव कुणा गेलेल्या बाईचं असणार. मग हळूच म्हणाली, "नाव आलं, आजी. पोट नाही आलं."

घरी आल्यावर पिपालुकने स्वतःच्या फडताळातलं गोड ते सगळं शेजारी वाटून टाकलं. आईकडचा निळा डबा उचलायला गेली तेव्हा बोलेटने त्यावर हात ठेवला. "राहू दे. त्यांचा आहे. मी नाही देणार." आणि खरंच तिने दिली नाही. पोरगं डब्याकडे बोट दाखवायचं, ही त्याला वाळका मासा द्यायची, खिडकीबाहेर कुत्री दाखवायची, नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायची. नाही मात्र तिने एकदाही म्हटलं नाही. त्याला नाही कसं म्हणायचं हेच तिला येत नव्हतं. पण पोराचं पोट उतरलं, ते भिंत सोडून चालायला लागलं. सगळं मार्गाला लागलं असं वाटत होतं.

आणि म्हाताऱ्या एनोकचा वाढदिवस आला.

माणूस गेला तरी आमच्याकडे त्याचा वाढदिवस चुकवत नाहीत. कॉफीचं बोलावणं जातं, आणि उत्सवमूर्ती तर घरात खुर्चीवर बसलेलीच असते. समुद्र गोठायला लागल्याचे ते दिवस. दिवस म्हणायचा तोही नावाला, दुपारी जरा उजाडल्यासारखं होतं तेवढंच. सगळी वस्ती येऊन गेली, दाराशी बुटांचा ढीग. मनुकांचे केक होते, क्रीमचा होता. छोटा एनोक म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसून वाळक्या माशाचा तुकडा हातात धरून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. सर्दीने आधीच मलूल होता. आपल्याच वाढदिवसाला आपल्यालाच केक नाही, हे त्याला कोणत्या भाषेत समजावणार?

पिपालुक पाहुण्यांना दाराशी निरोप द्यायला गेली. खोलीत ही दोघंच उरली.

"बोलेट," पोरगं म्हणालं, "एक खडा दे."

हट्ट नाही, रडणं नाही. त्याचा आवाज दमलेला होता. बोलेटने तो ओळखला. दवाखान्यातल्या त्या उशीवरून आलेला आवाज, तोच. आता उद्या देते म्हटलं आणि पुन्हा तो उद्या आला नाही तर? तिने डबा उघडला, एक खडा त्याच्या हातावर ठेवला. मग पोराने दुसरा घेतला, मग मूठच घातली डब्यात. तिने हात धरला नाही. "खा," ती म्हणाली. "खा, तुमचाच आहे."

दुसऱ्या दिवशी पोराच्या अंगातलं सगळं पाणी निघून गेलं. पोटात काही ठरेना, वरून उलट्या. डोळे खोल गेले, ओठ सुकून फाटले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. ते रडत होतं, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. समुद्रावर कोवळं बर्फ धरलेलं, त्यातून बोट जात नव्हती आणि कुत्र्यांच्या गाडीचं ओझं ते पेलणार नव्हतं. वारा असा सुटलेला की हेलिकॉप्टर येईल ही आशाच नको. गेर्थ वायरलेसवर बोलायला दुकानात पळाला. बोलेट त्याच्या मागे, गुडघा ओढत.

"गोड काही पोटात गेलंय का?" मार्ग्रेथेने तिकडून विचारलं.

"छे, केकलासुद्धा हात लावू दिला नाही त्याला," गेर्थ म्हणाला.

बोलेटने त्याच्या हातातून बोलायचं यंत्र घेतलं. "गेलंय. मी दिलं. मूठभर."

मग मार्ग्रेथे म्हणाली, "सीलचा पातळ रस्सा करा. त्यात मीठ घाला. चमच्याचमच्याने पाजत राहा, ओकला तरी पाजा. आणि आजी, आता एक कण जरी गेला, तर आम्ही इथून काही करू शकणार नाही."

गेर्थ घराकडे पुढे चालत राहिला. हा थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी त्याने तिला वर चढायला हातसुद्धा दिला नाही.

पिपालुकला बोलेटनेच सांगितलं. दारात उभं राहून सांगितलं, आत यायचा तिला धीर होईना. पिपालुक पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती ओरडली नाही.

"आई, बाबा गेले," ती म्हणाली. "त्या दवाखान्यात गेले. हा माझा मुलगा आहे. आणि तू त्याला मारते आहेस."

आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. बोलून झाल्यावर पिपालुक स्वतःच घाबरली, तिने पोराचं डोकं झाकलं, जसं काही त्याने ऐकायला नको. बोलेटच्या तोंडावर येऊ घातलं होतं की जीभ आवर, नाव ऐकतंय. पण तिने ते गिळलं. बादलीत पोराचे घाण झालेले कपडे पडले होते. काहीतरी करायचं म्हणून तिने ते उचलले.

आणि कपड्यांचा वास तिच्या नाकात गेला. आंबट, उग्र. इतके महिने तो वास घरात होता, पण आत्ता तिला तो ओळखू आला. लग्न नवीन होतं तेव्हा एनोकने वॉलरसचं एक पिल्लू घरी आणलं होतं. आई मारली गेलेली, पिल्लू बर्फावर ओरडत राहिलेलं. बोलेटने त्याला जीव लावला. दुकानातलं डब्याचं गोड दूध पाण्यात कालवून पाजलं. काय आवडीने प्यायचं ते, तिला आपल्या मिशांवरून हात फिरवायला द्यायचं. आणि असंच वाहून गेलं, हाच वास मागे ठेवून. ती रडत बसली तेव्हा एनोक म्हणाला होता, "वेडी आहेस. समुद्राचं जनावर ते. त्याच्या आईच्या दुधात गोड असतं कुठे? तुझं दुकानातलं गोड त्याला कुठून पचणार?"

डॉक्टरचं तिला पटलं नव्हतं. मार्ग्रेथेचं निम्मं पटलं होतं. हे मात्र अहोंनीच सांगितलेलं होतं. ती बादलीशी कपडे हातात घेऊन उभी राहिली आणि तिला सगळं कळलं, एकदम आणि फार उशिरा. नाव रुसलं नव्हतं. नावाला कशाचीही भूक नव्हती. भूक तिची होती.

मग तिने हात धुतले, सील चिरला, रस्सा चढवला. एक चमचा पिपालुक पाजायची, एक ही पाजायची. ओकलं की पुसायचं आणि पुन्हा चमचा. वारा पडेपर्यंत हेच चाललं, आणि वारा पडायला बराच काळ लागला. मधे एकदा पोरगं इतकं निपचित पडलं की गेर्थ बाहेर जाऊन कुत्र्यांमध्ये बसला. पण रस्सा हळूहळू पोटात राहायला लागला. ओठ ओले झाले. मग लघवी झाली, तेव्हा पिपालुक त्या ओल्या कपड्याला कवटाळून रडली.

पोराने डोळे उघडले. समोर बोलेट, तिच्या मागे खिडकी, खिडकीत निळा डबा.

"बोलेट," ते म्हणालं, "साखर."

पिपालुकचा चमचा हवेतच राहिला. बोलेटने पोराकडे पाहिलं. त्याला नाही म्हटलं की काय होतं ते तिला माहीत होतं. नाव उठून जाईल. पुन्हा येणार नाही, कारण एकदा घालवलेलं नाव कुणाच्या घरी येत नाही. जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं. नाव जाऊ दे, पोर राहू दे.

"नाही, बाळा," ती म्हणाली.

पोराने मान वळवून मागे पाहिलं. ही कुणाशी बोलतेय तेच त्याला कळेना. आजवर त्या तोंडातून त्याने असा शब्द ऐकलेलाच नव्हता.

"तुलाच म्हणतेय," बोलेट म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण ती थांबली नाही. "साखर नाही मिळायची. आज नाही, उद्याही नाही. मी तुझी आजी आहे. रस्सा पी."

"बोलेट?"

"आजी."

पोरगं तिच्याकडे बघत राहिलं. मग त्याचा ओठ खाली वळला आणि ते रडायला लागलं, ह्या वेळी डोळ्यांतून पाणी गळत होतं. पिपालुकने आईच्या खांद्यावर हात ठेवला. बोलेटने तो काढला नाही, पण वळूनही पाहिलं नाही. तिने चमचा भरला.

पोर बरं झालं. पुढे बर्फ पक्कं धरलं आणि दुपारचा उजेड जेमतेम खडक दाखवण्याइतका राहिला, तेव्हा एक दिवस बोलेटने निळा डबा काखेत घेतला आणि टेकडी चढली. क्रुसावरचा पांढरा रंग वाऱ्याने खरवडला होता. कोणता आपला हे तिला जवळ जाऊन वाचून बघावं लागलं. ह्याची तिला फार लाज वाटली.

"अहो," ती क्रुसाला म्हणाली. "उद्या देते म्हटलं होतं. उशीर झाला."

तिने खडे एकेक करून थडग्यावरच्या दगडांच्या फटीत ठेवले, सगळे, डबा रिकामा होईपर्यंत. मग दगडावर बसून ती रडली. तेव्हा शेजारणी रडल्या होत्या आणि ही कॉफी करत होती, तेव्हाचं सगळं आता बाहेर आलं.

खाली घराच्या दारात पोरगं उभं होतं, पायात बूट नाहीत. "बोलेट," त्याने हाक मारली. "बोलेट." तिने ओ दिली नाही. पोरगं जरा थांबलं. मग त्याने आजी म्हणून हाक मारली, तेव्हा ती डोळे पुसून उठली आणि खाली उतरली.